स्कॅन केलेलं रेखाचित्र रंगवण्याआधी

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना स्कॅनर कशाला हवा, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. तर त्याचं असं झालं. आमच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, पन्नासेक वर्षांपूर्वी चुलीपुढे बसलेल्या आईचं पेन्सिलीनं चित्र काढलं होतं. ताईचा हात आता थरथरतो. ती म्हणाली, "रंग तू भर, कुठला ते मी सांगते. लुगडं हिरवं होतं." हे सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. म्हणून आम्ही कॉम्प्युटरवर रंगकाम शिकायला बसलो.

पहिली चूक आम्ही पहिल्याच मिनिटाला केली. चित्र स्वच्छ यावं म्हणून स्कॅनर 'ब्लॅक अँड व्हाइट'वर ठेवला. चहाचा जुना डाग ठसठशीत काळा आला आणि चुलीचा धूर साफ नाहीसा झाला!

असं का व्हावं? करड्या चित्रात शून्यापासून २५५ पर्यंत, म्हणजे २५६ छटा असतात. 'ब्लॅक अँड व्हाइट' मध्ये कुठेतरी रेघ ओढतो: १२७ असेल तर काळा, १२८ असेल तर पांढरा. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात मिलेटसच्या युबुलिडीसच्या नावावर सांगितला जाणारा कोड्याचा प्रश्न शिकवला. धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलो, तर ढीग नेमका कोणत्या दाण्याला ढीग राहात नाही? उत्तर सापडत नाही हे विद्यार्थ्यांना पटवलं, आणि घरी येऊन यंत्राला मात्र ते उत्तर द्यायला लावलं. यंत्राला धूर आणि डाग यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त आकडा दिसतो. तेव्हा निवाडा जितका उशिरा कराल तितका बरा.

म्हणून स्कॅन रंगीत करावा, पेन्सिलीचं चित्र असलं तरी. किमान ३०० डीपीआय. आम्ही ६०० घेतो. ए-४ कागदाचे त्यात ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल होतात. फाइल पीएनजी किंवा टिफ ठेवावी, जेपेगमध्ये रेषेभोवती बारीक किटण धरतं.

रंगीत का, ते पाहा. चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल वेगळे करता येतात. पिवळट-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतो, लालमध्ये फिका पडतो. पेन्सिलीचं शिसं करडं, ते तिन्हींत जवळपास सारखंच. आम्ही लाल चॅनेल ठेवला आणि डाग बराचसा गेला. कुणी आधी निळ्या पेन्सिलीनं कच्चं काढून वर शाईनं गिरवलं असेल, तर उलट करायचं: निळा चॅनेल ठेवायचा.

मग 'लेव्हल्स'. पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवत न्यायचा, कागद उजळत जातो. आम्ही नजर धुरावर ठेवली. तो विरायला लागला तिथे थांबलो. उरलेले ठिपके पांढऱ्या ब्रशनं हातानं पुसले, अर्थात प्रतीवर. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही.

आता हा लेअर सगळ्यांत वर ठेवून त्याला 'मल्टिप्लाय' करायचं. नावाप्रमाणे तो गुणाकारच आहे. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०. खालच्या रंगाला १ नं गुणलं की रंग तसाच राहतो, शून्यानं गुणलं की काळा, आणि करड्याखाली थोडा गडद होतो. रेषा न खोडता रंग खालून दिसतो.

रंग खालच्या वेगळ्या लेअरवर. बादलीनं ओतला तर रेषेच्या करड्या कडेशी अडतो आणि पांढरी किनार राहते. निवडलेला भाग एक-दोन पिक्सेल वाढवून घ्यावा, म्हणजे रंग रेषेखाली जातो. ताईनं पदराची रेषा मध्येच सोडली होती, तिथून हिरवा रंग भिंतभर पसरला. ती फट आम्ही तिच्या रेषेत भर घालून बुजवली नाही. पदराचा भाग हातानं घेरून निवडला आणि तेवढाच भरला.

प्रत्येक रंग वेगळ्या लेअरवर ठेवल्याचा उपयोग लगेच झाला. ताई पडद्याकडे पाहून म्हणाली, "एवढा हिरवा नाही रे. धुऊन धुऊन विटलेला होता." आम्ही तो लेअर उघडला आणि ती "बस्स" म्हणेपर्यंत रंग उतरवत गेलो.