ब्लेड बदलले, तुरटी तीच

धानोरा असो की गोंडपिपरी, आठवडी बाजारात झाडाला आरसा टेकवून मांडलेली एक खुर्ची दिसतेच. गिऱ्हाईक बसले की कारागीर ब्लेड काढतो, कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धे वस्तऱ्यात सरकवतो. उरलेले अर्धे पुढच्या गिऱ्हाइकाला. म्हाताऱ्यांच्या आठवणीत मात्र धोकटीतून निघणारा अखंड पोलादी वस्तरा आहे. चामड्याच्या पट्ट्यावर धार लावून तोच साऱ्या गावाच्या गालांवरून फिरायचा.

दुधारी ब्लेडची विक्री अमेरिकेत किंग जिलेट यांच्या कंपनीने १९०३ मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी जेमतेम ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. वापरून फेकायची वस्तू आपल्याकडेही सहजी पचनी पडली नाही. गंजू लागलेले पाते काचेच्या ग्लासात आतून घासून लोक आणखी चार दाढ्या काढत. १९६०च्या दशकात स्टेनलेस पाती आली आणि गंजाची कटकट मिटली.

सलूनमध्ये दर माणशी नवे पाते आले ते मुख्यतः एड्सच्या धास्तीने. गंमत अशी, की ज्याची भीती घेतली तो एचआयव्ही शरीराबाहेर फार तग धरत नाही. खरा चिवट आहे तो हिपॅटायटिस बी. सुकलेल्या रक्ताच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या डागातही हा विषाणू किमान सात दिवस टिकू शकतो. लागण झालेल्या काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षे राहतो. त्यातून पुढे यकृत निबर होते, कर्करोगही होऊ शकतो. बाळांना आता जन्मानंतर २४ तासांत याची लस देतात. पण आज चाळिशीत असलेल्या बहुतेकांना लहानपणी ती मिळालेली नाही, आणि सलूनच्या खुर्चीत बसणारे तेच.

कोऱ्या ब्लेडचे महत्त्व गावांना तसे नवे नाही. घरी बाळंतपण करणाऱ्या दाईला ‘पाच स्वच्छता’ शिकवल्या जात: हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ. नाळ कोऱ्या ब्लेडनेच कापायची, नाहीतर बाळाला धनुर्वाताचा धोका.

दाढीच्या खुर्चीत पाते बदलले, तुरटी राहिली. पाते लागून रक्त आले की तुरटीचा ओला खडा फिरवतात. तिने रक्त थांबते, कातडी आवळते. पण हिपॅटायटिसचा विषाणू मरेल असा भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही. उलट या जखमेवरून त्या जखमेवर जाणारा खडाच विषाणूचे वाहन होऊ शकतो. अँटिसेप्टिकच्या थेंबाने पाते पुसून पुन्हा वापरणे, हीही नुसती मनाची समजूत.

तेव्हा पाते डोळ्यांसमोर बदलायला सांगावे. पाच-दहा रुपयांचा तुरटीचा खडा घरून खिशात टाकून न्यावा. कारागिराला त्याचा राग येत नाही. दिवसभर अनोळखी रक्ताशी त्याचाच संबंध येतो आणि हिपॅटायटिस बीची लस घेण्याची गरज गिऱ्हाइकापेक्षा त्याला अधिक आहे.