चार मिलिमीटरचे अंतर

हातातील नोट शंभराची की पाचशेची, हे डोळस माणसाला विचारावे लागत नाही. अंध माणसाला ते बोटांनी ठरवावे लागते आणि त्याची पूर्वापार भिस्त नोटेच्या आकारावर असते. १९९६ पासून निघालेल्या गांधी मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७. हे एक सेंटिमीटरचे अंतर सरावलेल्या बोटांना पुरत असे.

नोव्हेंबर २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेत शंभर, दोनशे आणि पाचशे या तिन्ही नोटांची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५०. म्हणजे चार-चार मिलिमीटरचा हिशेब! शिवाय जुनी शंभराची नोट अद्याप वैध चलन आहे आणि ती नव्या पाचशेहून सात मिलिमीटर लांब भरते. लांब ती मोठी, ही वर्षानुवर्षांची शिकवण येथे शिकणाऱ्यावरच उलटते. आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा दिव्यांगांचा हक्क मान्य करणारा कायदा संसदेने संमत केला तोही २०१६ च्या डिसेंबरातच, हा योगायोग बोलका आहे.

नोटांवर उठावदार खुणा आहेत, हे खरे. शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ, कडेला तिरप्या रेषा. पण हातोहात फिरून त्या झिजतात. आणि भाजी, बस, चहा यांचा व्यवहार ज्या दहा-वीस-पन्नासांत चालतो, त्यांवर त्या नाहीतच. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ‘मनी’ हे मोबाइल अ‍ॅप काढले. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नोटेचे मूल्य ते बोलून सांगते, इंटरनेटशिवायही चालते. सोय उपयुक्त आहे. मात्र नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याचा फोन हवा, दोन्ही हात मोकळे हवेत, आणि भरबाजारात पैसे उघडे धरण्याची तयारी हवी. नोटेच्या रचनेत जे व्हावयास हवे होते, त्याचा खर्च असा ग्राहकाच्या, तोही अंध ग्राहकाच्या, खिशावर ढकलला गेला आहे.

हे टाळता येते. २०१९ मध्ये जाहीर झालेले वीस रुपयांचे नाणे बारा बाजूंचे आहे. ते हाताला चटकन कळते. युरोच्या पाच आणि दहाच्या नोटांत लांबी व रुंदी दोन्ही बदलतात. पुढील मालिकेत हा विचार व्हावा. तोवर निदान बँकांनी अंध खातेदाराला एकाच मालिकेच्या नोटा द्याव्यात. त्याला नवा कायदा लागत नाही. रोखपालाने शंभराचे दोन गठ्ठे वेगळे ठेवले की पुरे.