भीतीला हसणारी मुले : रत्नाकर मतकरी यांची बालनाट्ये

दरवर्षी दिवाळीची सुटी संपून वसतिगृह पुन्हा भरले की स्नेहसंमेलनाचे वेध लागतात आणि एक प्रश्न हमखास उभा राहतो : यंदा मुलांचे नाटक कोणते बसवायचे? या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पूर्वी आम्ही बोधपर नाटुकली निवडत असू. वर्गातील हुशार, स्पष्ट उच्चारांचा मुलगा राजा होई आणि लांबलचक भाषण करी. उरलेली मुले भालदार-चोपदार होऊन उभी राहत. टाळ्या पडत, परंतु ज्या मुलांच्या तोंडून वर्गात शब्द फुटत नसे, ती रंगमंचावरही मुकीच राहत. वाडी-तांड्यांवरून पाचवीत आलेली, हजेरी देतानाही मान खाली घालणारी ही मुले. नाटकाची खरी गरज त्यांनाच होती आणि नेमकी तीच वंचित राहत होती. ही चूक आमच्या ध्यानी आली ती रत्नाकर मतकरी यांची बालनाट्ये मुलांच्या हाती दिल्यावर.

मतकरी यांचा जन्म १९३८ चा. अमेरिकेत बालरंगभूमीचे शिक्षण घेऊन आलेल्या सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ ही चळवळ सुरू केली. तिचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’ मतकरी यांनी लिहिले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. पुढे १९६२ मध्ये त्यांनी पत्नी प्रतिभा मतकरी यांच्या साथीने ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. बँकेतील नोकरी सांभाळून लेखन, दिग्दर्शन आणि निर्मिती असा तिहेरी भार त्यांनी वाहिला. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’, ‘अचाट गावची अफाट मावशी’, ‘सरदार फाकडोजी वाकडे’ ही नावे उच्चारली तरी मुलांच्या ओठांवर हसू येते. २०१८ मध्ये त्यांच्या एकूण बालसाहित्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

या नाटकांचे मर्म कशात आहे? आजीच्या गोष्टीतील राक्षस, चेटकीण, राजा, राजकन्या ही मंडळी मतकरी यांनी जशीच्या तशी उचलली नाहीत. त्यांना विनोदाच्या मुशीत नव्याने घडविले. ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण हे त्याचे ठळक उदाहरण. दिलीप प्रभावळकर यांनी ही भूमिका गाजविली आणि २०१८ मध्ये नाटक नव्याने रंगमंचावर आले तेव्हा वैभव मांगले यांनी ती केली. चेटकीण रंगमंचावर आली की मुले आधी दचकतात आणि क्षणार्धात खदखदा हसतात. जिची भीती वाटते तिलाच हसता येते, हे कोणीही न शिकविता मुलांना उमगते. वर आपली मुले त्या चेटकिणीची भूमिका स्वतः करतात, तेव्हा दरारा कसा उभा केला जातो, त्यात सोंग किती असते, हेही त्यांना आतून कळते. ज्यांच्या वडीलधाऱ्यांना पिढ्यानुपिढ्या दरारा सोसावा लागला, त्यांच्यासाठी हे शिक्षण लहान नव्हे.

मुलांसाठी लिहिणाऱ्या या लेखकाने मोठ्यांसाठी ‘लोककथा ७८’ हे नाटकही लिहिले, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. गावातील दलितांवर होणारा अत्याचार आणि त्याकडे डोळेझाक करणारी व्यवस्था त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता मांडली. मुलांना हसविणे आणि समाजाला जाब विचारणे ही एकाच लेखणीची कामे असू शकतात, ही साक्ष त्यातून मिळते.

आयुष्याच्या उत्तरार्धात मतकरी यांनी आणखी एक पाऊल टाकले. ठाण्यातील समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तेथे वस्त्यांमधील मुले-मुली आपल्या जगण्यातील विषय स्वतः निवडतात, संवाद स्वतः रचतात आणि स्वतःच सादर करतात. खर्चिक नेपथ्याची वा वेशभूषेची तेथे अपेक्षा नसते. इतकी नाटके लिहिलेल्या लेखकाने आपली संहिता बाजूला ठेवून मुलांना त्यांचे शब्द शोधू द्यावेत, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष मोलाची वाटते. मे २०२० मध्ये मतकरी यांचे निधन झाले. त्यांनी दाखविलेली वाट मात्र आपल्यासाठी मोकळी आहे.

त्या वाटेने जाताना आम्ही काही पथ्ये पाळतो. प्रत्येक मुलाच्या वाट्याला निदान दोन वाक्ये तरी आली पाहिजेत. उच्चार गावाकडचा आहे म्हणून कोणाची भूमिका काढून घ्यायची नाही. छापील नाटक करताना प्रयोगाची रीतसर परवानगी घ्यायची, कारण लेखकाच्या श्रमाचा मान राखणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. आणि एक नाटुकले दरवर्षी मुलांनी स्वतः रचायचे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आपले पहिले वाक्य अजून आठवत असेल. पाय लटपटत होते, घसा कोरडा पडला होता, तरी ते बोलले गेले. पुढे दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या खिडकीशी उभे राहताना किंवा मुलाखतीच्या खोलीत शिरताना ते वाक्य उपयोगी पडले असेल. म्हणून विनंती एवढीच की, येत्या संमेलनाला नुसते प्रेक्षक म्हणून येऊ नका. आठवडाभर आधी एखाद्या संध्याकाळी तालमीला या आणि मागच्या रांगेत गप्प बसलेल्या मुलाशेजारी बसून त्याची दोन वाक्ये त्याच्याकडून म्हणवून घ्या.