गोल्फला निघालात? आधी तब्येतीचे गणित मांडा

‘डॉक्टर, साहेबांनी रविवारी गोल्फला बोलावलंय. जाऊ ना? नुसतं चालायचंच तर आहे!’ पन्नाशी गाठलेले पेशंट असे विचारतात, तेव्हा मी ‘जरूर जा’ असेच सांगतो. मात्र ‘नुसतं चालायचं’ हे काही खरे नव्हे.

पुण्यात गोल्फ म्हटले की येरवड्याचा पूना गोल्फ क्लब आठवतो. हा सभासदांचा क्लब आहे. तेव्हा पाहुण्यांसाठीचे नियम, शुल्क, पोशाख आणि वेळ यांची यजमानांकडे आधीच चौकशी करावी.

१८ होलांचा पूर्ण खेळ म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल आणि चार-पाच तास उघड्यावर. पर्वती चढताना दम लागतो, म्हणून माणूस आपोआप थांबतो. इथे दम फारसा लागत नाही. भूक, तहान आणि ऊन मात्र नकळत गाठतात. म्हणून पहिल्या वेळी ९ होलच खेळावेत. त्याआधी दोन-तीन आठवडे रोज अर्धा-पाऊण तास चालण्याचा सराव ठेवावा.

मधुमेह असेल तर : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी मैदानात उतरू नये. न्याहारी करून जावे व औषधाच्या मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. खिशात साखर हवीच. हात थरथरणे, घाम फुटणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे. लगेच तीन-चार चमचे साखर खावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये.

हृदयविकार, रक्तदाब असेल तर : आधी तपासणी करून घ्यावी. खेळताना छातीवर दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून पुढचा होल गाठू नये. तिथेच बसावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

पाठ आणि गुडघे : काठी फिरवताना कंबरेला पीळ बसतो. आधी दहा मिनिटे खांदे, कंबर, पाय सैल करावेत. पहिलाच फटका जोरात मारण्याची हौस आवरावी.

ऊन, वळीव आणि गवत : एप्रिल-मे महिन्यांत पहाटे सुरुवात करून ऊन तापण्यापूर्वी परतावे. टोपी घालावी, तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. ढग गडगडले की काठ्या खाली ठेवून पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली आडोसा घेऊ नये; शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पावसाळ्यात उंच गवतात गेलेला चेंडू हाताने चाचपू नये. साप चावल्यास घट्ट आवळपट्टी न बांधता, तो अवयव न हलवता, तडक ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठावे. गवतावर कीटकनाशके फवारलेली असू शकतात. म्हणून चेंडू ओठांना लावू नये आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

शेवटी एका माणसाची आठवण ठेवा. तुमची जड पिशवी खांद्यावर घेऊन कॅडीही तेवढेच अंतर चालतो, तेही त्याच उन्हात. तुम्ही पाणी प्याल तेव्हा त्यालाही द्या, सावलीत थांबाल तेव्हा त्यालाही थांबवा. उष्माघात सभासद आणि कॅडी असा भेद करीत नाही.