भाकरीपलीकडची राखण

बिडकीनच्या शिवारात कुत्रं पाळायला वेगळी तयारी कधी लागली नाही. वस्तीवर पिल्लू आलं की त्याचं नाव मोती, नाहीतर वाघ्या. सकाळी चतकोर भाकरी, दुपारी बाभळीची सावली, रात्री गोठ्याची राखण. त्याच्याशी मुद्दाम खेळायला कुणाला सवड नसे; पण दारं धरायला निघालेल्या माणसाच्या मागे ते बांधाबांधानं फिरायचं. सोबत त्याला न मागता मिळायची.

आता याच शिवारात ‘ऑरिक’ औद्योगिक नगरीचा सुमारे ३२ चौरस किलोमीटरचा बिडकीन टप्पा उभा राहतो आहे. शेत गेलेलं घर गावात किंवा संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये जायला निघालं, की ट्रॉलीत आधी कपाट चढतं, मग भांडीकुंडी. कुत्र्याचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. ‘राहील इथंच, त्याला जागेची सवय आहे,’ असं सहज बोललं जातं.

सवय नेमकी कशाची असते?

बुडापेस्टमधल्या संशोधकांनी १९९८ साली कुत्रा आणि मालक यांच्या ५१ जोड्या तपासल्या. तान्ह्या मुलाची आईकडची ओढ पाहण्यासाठी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी बसवलेली चाचणीच त्यांनी वापरली: अनोळखी खोली, अनोळखी माणूस आणि मधूनच मालकानं बाहेर जाणं. मालक खोलीत असताना कुत्री जास्त हुंगत फिरली, जास्त खेळली. तो गेला की दाराशी उभी राहू लागली. परतला की त्याला जाऊन भिडली. परक्या जागेत त्यांना धीर होता तो माणसाचा.

माणसाचा ताणही कुत्र्यापर्यंत पोचतो. स्वीडनमध्ये २०१९ साली ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं गेलं. तणावाशी निगडित असलेलं हे संप्रेरक बाईत चढं असेल, तर तिच्या कुत्र्यातही बहुधा चढंच आढळलं.

फ्लॅटमध्ये सोबत नेलेल्या कुत्र्याची अडचण वेगळी. माणसं नोकरीवर, ते गॅलरीत साखळीला. पूर्वी शेतानं भागवलेली गरज आता मालकानं वेळ काढून भागवायची असते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यालाही हे ठाऊक आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं, तो उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं, या दोन्ही गोष्टी कलम ११ खाली गुन्हा आहेत. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड मात्र दहा ते पन्नास रुपये!

संत नामदेवांची गोष्ट मराठवाड्यात पोराटोरांना पाठ असते. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. भाकरी तर कुत्र्याच्या तोंडात होतीच. नामदेवांना काळजी होती, ती कोरडी लागेल याची.

घर बदलताना या काळजीची कामं अगदी साधी असतात. जुनी गोधडी न धुता सोबत न्यावी, तिला ओळखीचा वास असतो. जेवणाची आणि फिरण्याची वेळ तीच ठेवावी. नव्या घरात आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तासभर, असं एकटं राहायला शिकवावं. नेणं खरोखरच जमत नसेल, तर ज्याच्याकडे द्यायचं त्यानं निघण्याच्या काही दिवस आधीपासूनच वस्तीवर येऊन स्वतःच्या हातानं भाकरी घालावी. ट्रॉली हलेल तेव्हा तो माणूस कुत्र्याजवळ उभा असावा.