गुपित राखणारा नाटककार

मिरजगावहून सोलापूर रस्त्याने नगर गाठणाऱ्या आमच्या भागातल्या नाट्यवेड्यांना मधुकर तोरडमल आपले वाटतात. मुंबईच्या रंगभूमीने त्यांना डोक्यावर घेतलं त्याआधी ते नगरच्या अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. २४ जुलै १९३२ रोजी जन्मलेले तोरडमल २ जुलै २०१७ रोजी गेले. त्यांच्या कारकिर्दीची आठवण निघाली की ती बहुधा एकाच नाटकापाशी थांबते. मला ती अगाथा ख्रिस्तीपर्यंत न्यावीशी वाटते.

ते नाटक म्हणजे ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’. लेखन त्यांचं, त्यातल्या प्राध्यापक बारवेंची भूमिकाही त्यांचीच. बारव्यांना ऐन वेळी शब्द सुचत नाही, ते ‘ह’च्या बाराखडीवर वेळ मारून नेतात आणि गाळलेली जागा प्रेक्षक मनातल्या मनात भरतात. हशा पिकतो तो न बोललेल्या शब्दावर! हजारो प्रयोग रंगले, कारण कुठे थांबायचं हे तोरडमलांना नेमकं ठाऊक होतं. ‘भोवरा’, ‘काळं बेट लाल बत्ती’ ही नाटकं त्यांनी लिहिली, ‘सिंहासन’सारख्या चित्रपटात भूमिका केली. मात्र कुठे थांबायचं ही त्यांची जाण सर्वांत कसाला लागली ती अनुवादात, असं मला वाटतं.

ख्रिस्तीच्या अनेक रहस्यकादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. ख्रिस्ती स्वतःही नाटककार होत्या. त्यांचं ‘द माउसट्रॅप’ १९५२ साली लंडनमध्ये सुरू झालं आणि खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना प्रयोगाअखेर केली जाते. अनुवादकाला मात्र हे गुपित पानोपानी जपावं लागतं. इंग्रजी क्रियापद बाई-पुरुष सांगत नाही. मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे ठरवल्यावाचून कोणी खोलीत सहजी शिरू शकत नाही. शिवाय दुवा वाचकाच्या नजरेसमोर असावा, पण डोळ्यांत भरू नये.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तरी आपल्या समीक्षेने या प्रकाराला ओसरीवरच बसवलं. इंग्रजीच्या प्राध्यापकाने, यशस्वी नाटककाराने त्यासाठी लेखणी झिजवली, याचं मोल म्हणूनच मोठं आहे. तोरडमलांचे हे अनुवाद त्यांच्या नाटकांच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. एकांकिका लिहू पाहणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या मुलामुलींनी तर ते जरूर वाचावेत. पहिल्या प्रवेशात पेरलेली गोष्ट शेवटच्या प्रवेशापर्यंत कशी झाकून न्यायची, याचं शिक्षण त्यांत आहे.