अंगणातील पक्ष्यांना धान्य घालावे काय? : नागपूरच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ व श्राद्धातील काकबळी या परंपरांमुळे पक्ष्यांना घास घालणे हा आपल्या गृहस्थाचाराचा भाग बनला. नागपूरच्या उपनगरांतील ले-आउटमध्ये आजही अनेक घरांच्या अंगणात व गच्चीवर तांदूळ किंवा ज्वारी टाकली जाते. यामागील करुणा निर्विवाद आहे. मात्र तिचा लाभ कोणत्या पक्ष्याला होतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

धान्याचा लाभ कोणाला?
चिमणी धान्य खात असली तरी तिच्या पिलांना आरंभीच्या दिवसांत अळ्या व कीटकच लागतात. कीटकनाशके फवारलेल्या, फरशी घातलेल्या अंगणात चिमणीला दाणे मिळतील, पण पिलांचा आहार मिळणार नाही. पारव्याचे तसे नाही. नर व मादी दोघांच्याही अन्नपिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या स्रावावर त्याची पिले वाढतात. त्यामुळे केवळ धान्यावरही पारवा जवळजवळ वर्षभर प्रजनन करू शकतो. म्हणजेच चिमणीच्या नावे टाकलेले धान्य बहुधा पारव्याची संख्या वाढविते. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२३ च्या राष्ट्रीय अहवालातही पारव्याचा समावेश वाढत्या संख्येच्या पक्ष्यांत आहे.

आरोग्याचा प्रश्न :
पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेचे व पिसांचे सूक्ष्म कण दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास संवेदनशील व्यक्तींच्या फुप्फुसांना गंभीर दाह होऊ शकतो. याच कारणास्तव २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा निर्णय झाला आणि दादरच्या कबुतरखान्यावरून मोठा वाद उद्भवला. धोका पक्ष्यांनाही असतो. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गाने झपाट्याने घटली. एकाच ठिकाणी खाण्यापिण्यासाठी होणारी गर्दी अशा संसर्गास पोषक ठरते.

नागपूरची खरी गरज :
मे २०१३ मध्ये नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले होते. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकीत, शरीरातील पाणी खर्च करूनच ते मुख्यत्वे देह थंड ठेवतात. कीटकभक्षी पक्ष्यांना भक्ष्यातून बरेच पाणी मिळते. कोरड्या दाण्यांत मात्र ते अत्यल्प असते. त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याविना धान्य ठेवणे म्हणजे भूक भागवून तहान वाढविणे होय. सावलीत, मांजरीच्या झेपेपासून दूर ठेवलेले उथळ मातीचे भांडे अधिक उपकारक ठरते. ते रोज घासून त्यातील पाणी बदलावे. त्यामुळे संसर्गाची शक्यता घटते व डेंग्यूच्या डासांची पैदासही होत नाही.

अन्नाचा पर्याय :
अन्न द्यावयाचे तर ते झाडांच्या रूपाने द्यावे. जास्वंद व शेवगा यांच्या फुलांवर शिंजीर येतात, तर कढीपत्त्याची पिकलेली फळे बुलबुल आवडीने खातात. रस्त्याकडेचा एखादा उंबर राखला तर तांबट, कोकिळ व आपला राज्यपक्षी हरियाल यांची सोय होते. या झाडांवर वाढणाऱ्या अळ्या हाच चिमणीच्या पिलांचा घास असतो.

निष्कर्ष :
नागपूरच्या अंगणात पाणी अवश्य ठेवावे, झाडे लावावीत, फवारणी टाळावी व धान्याचे नित्य ढीग घालू नयेत, असे म्हणता येईल. महाविद्यालयांना यात विशेष भूमिका घेता येईल. दर फेब्रुवारीत देशभर होणाऱ्या परिसरातील पक्षिगणनेत सहभागी होऊन, तसेच धान्य घातलेल्या व न घातलेल्या जागांवरील पक्ष्यांची मासिक नोंद विद्यार्थ्यांकडून ठेवून, या प्रश्नाचे स्थानिक उत्तर शोधता येईल. करुणेला निरीक्षणाची जोड मिळाली, तरच तिचा घास योग्य चोचीपर्यंत पोहोचेल.